दोहाच्या आधीचं बघ

प्रिय मित्रा,

तुझी योजना वाचली. बारा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल अकादमी, आणि वर ठळक अक्षरांत 'मोरोक्को मॉडेल'. उत्साह आवडला. पण 2022 च्या कतारमधल्या, दोहाच्या विश्वचषकात मोरोक्कोने मिळवलेल्या यशाचं सगळं श्रेय तू प्रशिक्षक वालिद रेग्रागुईच्या डावपेचांना देऊन टाकलंस, ते काही पटलं नाही. माणूस हुशार आहेच. पण संघ त्याच्या हाती आला विश्वचषकाच्या जेमतेम तीन महिने आधी. तेवढ्यात बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल गारद होत नसतात.

पोर्तुगालविरुद्धचा गोल पुन्हा बघ. 42 वं मिनिट. डावीकडून चेंडू येतो आणि युसेफ एन-नेसिरी इतका उंच उडतो, की पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाच्या हातांच्याही वर त्याचं डोकं. त्या एका गोलवर पहिल्यांदाच कुठलातरी आफ्रिकी आणि अरब संघ उपांत्य फेरीत गेला. हा पोरगा घडला राजधानी रबातशेजारच्या सला शहरातल्या, मोरोक्कोच्या राजाच्या नावाच्या मोहम्मद सहावे अकादमीत. तिचं उद्घाटन 2010 चं. पोरं तिथेच राहतात, तिथेच शाळा शिकतात. बचावातला नायेफ अगर्द तिथलाच, मधल्या फळीतला अझेदिन उनाहीही. उनाहीचं मला फार अप्रूप. विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी हा काटकुळा पोरगा फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता!

म्हणजे उद्घाटनापासून त्या विश्वचषकापर्यंत झाली बारा वर्षं. तुझ्या कागदावर पहिली ट्रॉफी दुसऱ्याच वर्षी आहे. ती ओळ खोड. ट्रॉफीच्या नादात तू आडदांड पोरं निवडशील आणि तुझा उनाही राखीव बाकावर बसून राहील.

एक गोष्ट तू सोयीस्करपणे गाळलीस. 2022 च्या त्या संघातल्या 26 जणांतले 14 मोरोक्कोबाहेर जन्मलेले. स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टीला गोलरक्षक बाजूला झेपावला आणि चेंडू अलगद मधोमध गेला. तो मारणारा अश्रफ हकीमी माद्रिदमध्येच जन्मला, तिथेच शिकला. आपल्याला हा रस्ता बंद. दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्टवाला भारतीय वंशाचा खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. आपल्या वाट्याला येतं ते फक्त सलाचं काम, आणि तेही राजाश्रयाशिवाय. मोरोक्कोतही सगळं गोड नाही बरं: 2025 मध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली, 2030 च्या विश्वचषकासाठी स्टेडियम बांधताय, मग दवाखान्यांचं काय, असं विचारत.

आणि मुली? तुझ्या योजनेत त्यांच्यावर एक ओळ नाही. 2022 च्या ऑक्टोबरात भुवनेश्वरला, 17 वर्षांखालच्या विश्वचषकात, मोरोक्कोच्या मुलींनी आपल्या मुलींना 3-0 ने हरवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचा मोठा संघ महिला विश्वचषकात जर्मनीकडून 6-0 ने हरला. त्यानंतरचे दोन्ही सामने जिंकून बाद फेरीत गेला. जर्मनी मात्र साखळीतूनच घरी! हे आपोआप घडलेलं नाही. अध्यक्ष फौझी लेकजा यांच्या मोरोक्कन फुटबॉल महासंघाने महिलांची लीग व्यावसायिक केली, पैसा ओतला.

2025 मध्ये तर त्यांच्या 20 वर्षांखालच्या पोरांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला 2-0 ने हरवून विश्वचषक उचलला. तो सामना जमला तर बघ.

सुधारलेला कागद महिनाअखेरपर्यंत पाठव. पोरांच्या शाळेच्या वेळा कशा सांभाळणार आणि मुलींच्या बॅचला मैदान कधी मिळणार, हे दोन्ही त्यात हवं. बुटांचा प्रायोजक नंतर शोधू.

तुझा,
काका