खाऱ्या वाऱ्यावर उडताना घराचा हिशोब

पाऊस सरून सड्यावरचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळमाळावरचं, गवत पिवळं पडलं की किनाऱ्यावर पॅराग्लायडर आणि पॅरामोटर (पाठीवर इंजिन बांधून उडवायचा पॅराग्लायडर) दिसू लागतात. त्याच सुमारास आमच्याकडे पत्रंही वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं घरच्यांची आहेत, म्हणून उत्तरंही आधी त्यांच्यासाठी.

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आले. आता इथल्या सड्यावरून समुद्राकडे उडायचं म्हणतात. दोन लहान मुलं आहेत, घराचं कर्ज आहे. "रोज हायवेवर बाइक चालवतो त्यापेक्षा हे सुरक्षित," असं ते म्हणतात. खरं का? (गुहागर)

नाही. तासाला तास लावून पाहिलं तर पॅराग्लायडिंगचा धोका बाइकपेक्षा जास्तच आहे. ही तुलना घरात होते ती विषय मिटवण्यासाठी, तेव्हा ती बाजूला ठेवा. एक फरक मात्र लक्षात घ्या. रस्त्यावर समोरच्या ट्रकवाल्याची चूक आपल्याला भोवते. इथे बहुतेक अपघात उडणाऱ्याच्या स्वतःच्या निर्णयातून होतात : चुकीचा वारा, चुकीची जागा, जमिनीजवळची घाई. आणि घेतलेल्या निर्णयांबद्दल घरात बसून प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न उतरायच्या जागेचा. समजा कडा ६० मीटर उंच आहे. साधा ग्लायडर सेकंदाला सुमारे १.२ मीटर खाली येतो, म्हणजे वर उचलणारा वारा मिळाला नाही तर हातात ५० सेकंद. त्याचा हवेतला वेग ताशी ३८ किलोमीटर धरू. वारा नसताना तो ५०० मीटरवर पोचेल. समोरून ताशी २५ किलोमीटरचा खारा (समुद्राकडून येणारा) वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो १३, आणि तेवढ्याच वेळात तो जेमतेम १८० मीटर जाईल. वारा ३५ झाला तर ४० मीटर. त्यापुढे तो मागे ढकलला जातो, कड्याच्या माथ्यावरून आत. तिथे वारा गुंडाळ्या मारतो, याला रोटर म्हणतात. त्यात विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, मिटते आणि जमीन इतकी जवळ असते की सावरायला वेळच मिळत नाही.

दुसरा प्रश्न भरतीचा. सकाळी दहाला पाहिलेली रुंद पुळण (वाळूचा किनारा) दुपारी चारला कड्याच्या पायथ्याशी शिल्लकच नसते. आपल्याकडचा जुना हिशोब इथे चोख चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ऐन उडायच्या वेळी. दशमी ते द्वादशी दुपारी ओहोटी असते, जागा मोकळी मिळते. मिस्टरांना विचारा, "आज तिथी कोणती?" उत्तर येत नसेल तर त्यांनी उतरायच्या जागेचा विचार केलेला नाही.

तिसरा प्रश्न वाऱ्याच्या मर्यादेचा, आणि ही मर्यादा घरातून निघण्यापूर्वी ठरलेली हवी. पहिल्या ५० उड्डाणांपर्यंत टेक-ऑफला ताशी २० किलोमीटरच्या वर वारा असेल तर नाही. एरवीचा वारा आणि मधेच येणारा झोत यांच्या वेगातला फरक १० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तरी नाही. फेब्रुवारी ते मे दुपारी दोननंतर खारा वारा सहज २५-३० वर जातो. मोजायचं यंत्र नसलं तरी समुद्र सांगतो : लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस फुटायला लागला की वारा २० च्या पुढे गेला. हे तुम्हीही ओसरीवरून पाहू शकता. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावरून उडायचा प्रश्नच नाही.

कामशेतला प्रशिक्षक बरोबर असतात आणि खाली माळ मोकळे असतात. सड्यावर यातलं काही नसतं. तिथलं पहिलं उड्डाण त्याच कड्यावर आधी उडालेल्या अनुभवी पायलटबरोबर नसेल, तर थेट "नको" म्हणा.

प्रश्न : माझी टर्म पॉलिसी १ कोटीची, २ वर्षांपूर्वीची. फॉर्म भरताना उडण्याचं लिहिलं नव्हतं. काही झालं तर बायकोला पैसे मिळतील का? (चिपळूण)

फॉर्म भरताना तुम्ही उडत होतात का, यावर सगळं अवलंबून आहे. उडत असूनही साहसी खेळांच्या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं असेल, तर विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या ३ वर्षांत कंपनी लपवाछपवीच्या मुद्द्यावर दावा नाकारू शकते. पॉलिसी देणं, जोखीम सुरू होणं, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणं किंवा रायडर (पॉलिसीवरचं जादा संरक्षण) जोडणं, यांतली शेवटची तारीख धरून ३ वर्षं झाली की पॉलिसीवर कुठल्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. "वर्षभर गप्प बसू" हा सल्ला कुणी दिला असेल तर तो मानू नका, कारण त्या वर्षाचा धोका तुम्ही बायकोच्या डोक्यावर ठेवताय. कंपनीला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. हप्ता वाढला तर वाढू दे. छंद पॉलिसीनंतर लागला असेल, तर अटींमध्ये नवीन छंद कळवण्याची सक्ती आहे का तेवढं तपासा.

रायडर मात्र वेगळा वाचा. अपघाती मृत्यूच्या रायडरमध्ये, तिकीट काढून केलेल्या विमानप्रवासाखेरीज इतर उड्डाण बहुतेक वेळा वगळलेलं असतं. मूळ रक्कम मिळेल, वरची नाही. म्हणून "दुप्पट मिळतील" असा हिशोब घरात मांडू नका.

१ कोटी पुरेसे आहेत का? कर्ज २२ लाख, घरखर्च महिना ४०,००० आणि धाकटं मूल ६ वर्षांचं धरा. वर्षाला ४.८ लाख, १५ वर्षांचे ७२ लाख. शिक्षणाचे २० लाख. बेरीज १ कोटी १४ लाख, आणि यात महागाई धरलेलीच नाही. कर्ज असेल तर नवीन पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या. ती रक्कम बायको-मुलांची राहते, कर्ज देणाऱ्यांना त्या रकमेवर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, मागाहून जमत नाही.

आता ज्याचा विचार कुणी करत नाही ते. मृत्यूपेक्षा मणका किंवा घोटा मोडण्याची शक्यता जास्त. आपटून उतरल्यावर कमरेचा पहिला मणका दबतो, ही या खेळातली ठरलेली दुखापत. मग ३ ते ६ महिने काम बंद. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये साहसी खेळ *व्यावसायिक* म्हणून खेळणाऱ्याचा उपचारखर्च वगळलेला आहे. हौशी माणसाला त्या कलमाची आडकाठी येत नाही. पण पैसे घेऊन पर्यटकांना टॅंडम (आपल्यासोबत एकाच विंगवर) उडवायला लागलात की तुम्ही व्यावसायिक. शिवाय रुग्णालयाचं बिल विमा भरेल, दुकानाचं भाडं भरणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत सुटा असल्याशिवाय या खेळात उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आंबा बागायतदारांनी तर दुप्पट विचार करावा : उडण्याचा हंगाम आणि मोहोर, फवारणी, काढणी हे सगळं एकाच काळात येतं. मार्चमध्ये मोडलेला पाय वर्षाचं उत्पन्न घेऊन जातो.

प्रश्न : मित्राकडून ६ वर्षं जुना ग्लायडर आणि राखीव पॅराशूट स्वस्तात मिळतंय. दोन पावसाळे माळ्यावरच होतं. घ्यावं का? (देवगड)

तपासणीच्या कागदाशिवाय नाही. किनाऱ्यावर उडालेल्या ग्लायडरला तीन गोष्टी खातात : मीठ, ऊन आणि वाळू. उन्हाने कापडाचा लेप जातो आणि हवा आरपार जाऊ लागते. विंगच्या पुढच्या कडेजवळ, मधल्या भागात वरच्या कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा सहज गेली तर विंग तिथेच बाद. नाही गेली, तरी पास समजू नका, खरी तपासणी यंत्रावरच होते. दोऱ्यांचं दुखणं दिसत नाही. मागच्या रांगेवर भार कमी म्हणून त्या दोऱ्या आखडतात, पुढच्या ताणतात, आणि फरक दोन-तीन सेंटीमीटर झाला तरी विंग मागे झुकून मंद होते. मग ब्रेक जरा जास्त ओढला की ती पुढे जाणंच सोडते आणि सरळ खाली बसते. म्हणून दर २ वर्षांनी किंवा १०० तासांनी दोऱ्यांची लांबी मोजून घ्यायचीच. वाळू विंगच्या मागच्या कडेला साठते, मिटलेली बाजू उघडायला उशीर लावते. प्रत्येक पुळणीवरच्या लँडिंगनंतर विंग उलटी धरून झटका.

राखीव पॅराशूट दमट माळ्यावर दोन पावसाळे घडीत पडलं असेल तर घड्या एकमेकींना चिकटतात, रबर कुजतं आणि उघडायला एखादा सेकंद जास्त लागतो. ते उघडायलाच ५० मीटरच्या आसपास उंची खर्च होते, मग तो एक सेकंद कुठून आणणार? कोकणात त्याची घडी वर्षातून दोनदा मोडून नव्याने घालून घ्या, त्यातली एक ऑक्टोबरमध्ये. घडीची तारीख हार्नेसवर, म्हणजे बसायच्या पट्ट्यांच्या खोगिरावर, चिकटवा. घरच्यांनी फक्त ती तारीख वाचायची.

प्रश्न : मी अलिबागजवळ सकाळी पॅरामोटर उडवतो, पाण्याच्या कडेने, ५० मीटर उंचीवर. समुद्रात किती आत गेलेलं चालेल?

कितीही नाही, असं म्हणावंसं वाटतं. कारण तुमची वेळच फसवी आहे. सकाळची हवा गुळगुळीत असते म्हणून सगळे तेव्हा उडतात, पण त्या वेळी वाहतो मतलई वारा, जो तुम्हाला समुद्राकडे नेतो. इंजिन बंद पडलं तर ५० मीटरवरून शांत हवेत ३०० मीटर जाता येईल. समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल तर २०० सुद्धा नाही, आणि त्यातले काही वळण्यात जातात. म्हणून त्या उंचीवर पाण्याच्या रेषेपासून १०० मीटरपेक्षा आत जाऊ नका. पाठीवर २५ किलोचं यंत्र घेऊन पोहता येत नाही. यंत्राचा सांगाडा माणसाला पालथा करतो. पाण्याला लागताच फुगणारी पिशवी सांगाड्याला बसवा, दोऱ्या कापायचा चाकू छातीवर ठेवा. पाण्यात उतरावंच लागलं तर छातीचा पट्टा वेळेत सोडा, पण हार्नेसमधून बाहेर पडा ते पाय भिजल्यावरच. पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो आणि माणूस दहा मीटरवरून उडी मारतो.

मुलं बघायला येत असतील तर इंजिन सुरू करताना त्यांना कधीही पंख्याच्या पात्याच्या रेषेत उभं करू नका. समोर, वीस पावलं लांब. आणि विमानतळाच्या किंवा नौदलाच्या हद्दीत परवानगीशिवाय उडणं हा गुन्हा आहे, हे सिंधुदुर्गातल्यांनीही लक्षात ठेवावं. तिथल्या चिपी विमानतळावर २०२१ पासून प्रवासी विमानं उतरू लागली.

प्रश्न : बाळ झाल्यापासून बायको म्हणते, "सोडू नकोस, पण कमी उड." मी वर्षातून पाच-सहा वेळा उडतो. हे बरोबर आहे ना? (दापोली)

वहिनींचा हेतू समजतो, पण हा तोडगा सर्वांत वाईट आहे. हातांची सवय महिन्या-दोन महिन्यांत जाते. दर दोन महिन्यांनी एकदा उडणारा माणूस प्रत्येक वेळी नवशिक्या असतो, आणि स्वतःला जुना समजतो. महिन्यात तीन-चार दिवस द्या, नाहीतर बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पूर्ण बंद ठेवा. बंद ठेवलंत तर परतताना थेट कड्यावर जाऊ नका. आधी पुळणीवर १०-१५ किलोमीटरच्या वाऱ्यात दोन तास फक्त विंग डोक्यावर सांभाळायची, मग प्रशिक्षकासमोर छोट्या उतारावरून, मग पुढचं. रात्री बाळ तीनदा उठलं असेल तर दुसऱ्या दिवशी उडणं नाही. झोप कमी झालेल्या माणसाची पहिली गोष्ट जाते ती "आज नको" म्हणण्याची ताकद.

प्रश्न : सुट्टीत तारकर्लीला जातोय. ९ वर्षांच्या मुलीला पॅरासेलिंग करू द्यावं का? (रोहा)

विंच (दोर सोडणारं-गुंडाळणारं यंत्र) असलेल्या बोटीवरून, वारा मंद असेल तर हरकत नाही. जीपला दोर बांधून पुळणीवरून उडवतात, त्यात मुलाला बसवू नका. दोर तुटला तर मूल माडांवर किंवा विजेच्या तारांवर जातं, चुकलं तर कडक वाळूवर. दोर हातात घेऊन बघा : मधे गाठ असेल तर त्याची ताकद जवळपास निम्मी झाली, मिठाने ताठ झाला असेल तर तोही नको. मांड्यांचे पट्टे मुलीच्या मापाचे असावेत, लाइफ जॅकेट अंगावर घट्ट. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालचं नोंदणीपत्र मागा. मे महिन्यात दुपारी पूर्वेला घाटावर ढग काळे होऊ लागले की रांगेतून बाहेर या, वळवाचा झोत पावसाच्या आधी येतो.

प्रश्न : नवरा उडायला गेला आणि ठरल्या वेळी फोन आला नाही, तर मी नेमकं काय करू? (मालवण)

निघतानाच तीन गोष्टी लिहून घ्या : कुठून उडणार, कुठे उतरणार, विंगचा रंग. मोबाइलचं लोकेशन सुरू ठेवायला लावा. सर्वांत शेवटची वेळ ठरवा, समजा साडेपाच. साडेपाचला फोन, पावणेसहाला बरोबरच्या माणसाला फोन, सहाला ११२. अंधार पडायची वाट पाहू नका. समुद्रावर गेल्याची शंका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. जखमी सापडला आणि श्वास चालू असेल तर त्याला उठवून बसवू नका, हेल्मेट ओढू नका, १०८ येईपर्यंत आहे तसा पडू द्या. मणक्याच्या उपचारांना इथून पेशंट गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेतात, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरला; तो रस्ता आणि तो खर्च आधीच मनात धरून ठेवा.

आणि जवळच्या बंदरावरच्या एखाद्या होडीवाल्याचा नंबर घ्या, कारण सगळ्यांच्या आधी तोच पोचेल. त्याला आजच एक सांगून ठेवा : पाण्यातल्या माणसाकडे वारा जिकडून येतो त्या बाजूने यायचं. विंग आणि दोऱ्या वारा जिकडे जातो तिकडे पसरलेल्या असतात, तिकडून आला तर होडीचा पंखा त्यात गुंततो, आणि मग दोघांनाही बाहेर काढायला तिसरी होडी लागते.