नासपतीच्या आकाराचे अणुकेंद्रक आणि विद्युत द्विध्रुव आघूर्ण

प्रश्न : रेडियम-२२४ चे अणुकेंद्रक नासपतीच्या आकाराचे असल्याचे २०१३ मध्ये सर्न येथील प्रयोगातून दिसून आले, असे वाचले. एक टोक निमुळते आणि दुसरे फुगीर असेल, तर प्रोटॉनांची वाटणीही असमान असणार. मग अशा केंद्रकाला विद्युत द्विध्रुव आघूर्ण (धन प्रभार एका बाजूला किती सरकला आहे याचे माप) असतेच असे का मानत नाहीत, आणि त्याचा शोध कशासाठी घेतात?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. केंद्रकाच्या स्वतःच्या अक्षाला धरून पाहिले, तर अशी असमान वाटणी असू शकते. प्रयोगात मात्र मोजले जाते ते स्पिनच्या, म्हणजे केंद्रकाच्या अंगभूत फिरकीच्या, दिशेचे सरासरी आघूर्ण. निमुळते टोक स्पिनच्या दिशेला आणि त्याच्या विरुद्ध दिशेला, अशा दोन्ही मांडण्या केंद्रकाच्या स्थिर अवस्थेत समसमान मिसळलेल्या असतात. त्यामुळे सरासरी शून्य येते. हा तोल ढळायचा, तर आरशातील प्रतिमेत आणि काळाची दिशा उलटवल्यावर सारखे न राहणारे बल केंद्रकात असावे लागते. काळ उलटवला की स्पिन उलटतो, पण प्रभारांची मांडणी तशीच राहते. म्हणून स्पिनशी जखडलेले आघूर्ण आढळले, तर तो काल-सममिती मोडल्याचाच पुरावा होय. क्षीण बलातील (किरणोत्सारी बीटा क्षयामागील बलातील) ज्ञात सममितिभंगातून येणारे मूल्य आजच्या उपकरणांच्या आवाक्याच्या फारच खाली आहे, म्हणून आज आघूर्ण आढळलेच, तर ते भंगाच्या नव्या उगमाकडे बोट दाखवेल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा (उलट प्रभाराच्या जुळ्या कणांच्या द्रव्यापेक्षा) द्रव्य अधिक का उरले, या प्रश्नाची उकल करण्यासाठीही अशा भंगाचे आणखी उगम हवे आहेत.

नासपतीसारखा आकार आघूर्ण निर्माण करत नाही, पण असे बल असलेच तर त्याचा परिणाम वाढवतो. रेडियम-२२४ चा स्पिन शून्य असल्याने त्याला हे आघूर्ण असूच शकत नाही. म्हणून सुमारे १५ दिवस अर्धायुष्य असलेला रेडियम-२२५ निवडला जातो. त्याची मूळ अवस्था आणि विरुद्ध पॅरिटीची (आरशातील प्रतिमेत चिन्ह उलटे असणारी) जोडीदार अवस्था यांच्यात ऊर्जेचे केवळ ५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे. हे अंतर जितके कमी, तितके अवस्थांचे मिश्रण सोपे. त्यामुळे पाऱ्याच्या तुलनेत शेकडो पटींनी मोठा परिणाम अपेक्षित आहे.

आता एक अडसर, जो बऱ्याचदा सांगायचा राहून जातो. उदासीन अणू विद्युत क्षेत्रात ठेवला, तरी त्याचे केंद्रक वेग घेत पळत सुटत नाही. याचाच अर्थ इलेक्ट्रॉन सरकून केंद्रकावरील सरासरी क्षेत्र शून्य करतात. लिओनार्ड शिफ यांनी १९६३ मध्ये दाखवले की केंद्रक बिंदुरूप असते, तर त्याचे आघूर्ण अणूबाहेर दिसलेच नसते. केंद्रकाला आकारमान असते, म्हणून प्रभार आणि द्विध्रुव यांच्या वितरणांतील फरकातून काही अंश उरतो. त्याला शिफ आघूर्ण म्हणतात. पारा-१९९ च्या अणूचे आघूर्ण ७.४ गुणिले १० चा उणे ३० वा घात इलेक्ट्रॉन-सेंटिमीटरपेक्षा (इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले सेंटिमीटर, या एककात) कमी आहे, ही २०१६ मध्ये सिअ‍ॅटल येथील प्रयोगाने घातलेली मर्यादा त्या उरलेल्या अंशाच्याच आधारे वाचावी लागते.

माझ्या मते आज सर्वांत जास्त काम येथेच बाकी आहे. शिफ आघूर्णावरून मूळ बलाकडे जाण्यासाठी केंद्रकाच्या गणिती प्रतिकृती लागतात, आणि पाऱ्याच्या बाबतीत बल व आघूर्ण यांना जोडणाऱ्या काही गुणकांच्या धन-ऋण चिन्हावरही या प्रतिकृतींचे एकमत नाही. ड्यूटेरॉनमध्ये, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकात, एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढेच घटक असल्याने ते गणित बरेच भरवशाचे आहे. शिवाय साठवण-वलयात (कण फिरते ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) फिरणाऱ्या नुसत्या ड्यूटेरॉनभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरणही नसते, म्हणून त्याचे आघूर्ण थेट मोजण्याचे प्रस्ताव पुढे आले आहेत.