मंडळी वाढली, पण माझी विचारपूस कोण करणार?

“पूर्वी एक रविवार चुकला तरी संध्याकाळी पाळकसाहेब घरी येत, आता महिनाभर उपासनेला गेले नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही,” असे पिंपरी-चिंचवडमधील एका मोठ्या मंडळीच्या (चर्चच्या) सभासद ताई म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पतीच्या अंत्यविधीला सारी मंडळी आली होती, त्यानंतर मात्र घराकडे कुणी फिरकले नाही. आपला विश्वास कमी पडतो की काय, आणि एखाद्या लहान मंडळीत जावे का, असे त्यांनी विचारले.

मित्र लाजराच्या मृत्यूनंतर येशूही रडला (योहान 11:35), तेव्हा शोक म्हणजे अविश्वास नव्हे, हे मी प्रथम सांगितले. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवावे, असे याकोबाच्या पत्रात आहे (5:14). त्यामुळे बोलावण्यात कमीपणा नाही. तरीही शोकात बुडालेल्या माणसाने स्वतः फोन करावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. यरुशलेमेत शिष्य वाढले, तेव्हा ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी ती कुरकुर दडपली नाही, तर मंडळीला सात जण निवडायला सांगितले (प्रेषितांची कृत्ये 6). त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या जवळच्यांकडेच जबाबदारी गेली असावी.

ताईंच्या संमतीने मी पाळकांशी बोललो. गृहसभेतून (सभासदांच्या घरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थनासभेतून) ताईंची काळजी घेतली जात असेल, असे पाळकांनी गृहीत धरले होते. ताई मात्र तिथे तोंड उघडत नव्हत्या, कारण प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वस्तीभर होते. पाळकांना वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण माझ्या मते वाढत्या मंडळ्यांत गुप्तता न पाळली जाणे हे त्याहून मोठे दुखणे आहे.

शेवटी असे ठरले की पतीनिधनाचा अनुभव असलेल्या एका ज्येष्ठ भगिनीने ताईंना नियमित भेटावे, ऐकलेले स्वतःजवळच ठेवावे, आणि झोप व भूक उडाली किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले तर मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. पाळकांनी पहिल्या स्मरणदिनी स्वतः घरी जावे. ताईंनी मंडळी सोडलेली नाही. गृहसभेला त्या अजून जात नाहीत, आणि तसा आग्रह धरू नये, असे मी त्या भगिनींना सांगितले आहे.