लिलावातला वन-टन निसान घेतलाय, आता काय काय करू?

प्रश्न: नमस्कार दादा. मिलिटरीच्या लिलावात निघालेला वन-टन निसान ट्रक एका भंगारवाल्याकडून घेतलाय. जबलपूरचा आहे, पेट्रोल, सहा सिलिंडर. बरीच वर्षं शेडमागे उभा होता त्यामुळे इंजिन जाम आहे, पण केबिन आणि चेसिस बऱ्यापैकी वाटतंय. गावातले मेकॅनिक म्हणतात इंजिन काढून टाक, टाटा ४०७ चं डिझेल बसव, मोठे टायर टाक, लिफ्ट करून गाडी उंच कर, अडकलेली गाडी ओढून काढायला पुढे विंच लाव. भाऊ म्हणतो होता तसाच करू. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर: भावाचं. पण त्याआधी कागद काढून टेबलावर मांडा, कारण तुम्ही भंगारवाल्याकडून घेतलाय आणि तिथंच माझ्या पोटात गोळा आला. मिलिटरीची गाडी लिलावात गेली की तिचा बाणवाला, म्हणजे बाणाची खूण असलेला लष्करी नंबर संपतो, सिव्हिल नंबरसाठी आरटीओला लष्कराच्या संबंधित खात्याने दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. भंगारवाल्याची पावती म्हणजे फॉर्म २१ नव्हे, आणि गाडी मुळात स्क्रॅप म्हणूनच विकली गेली असेल तर पुढे नंबर मिळणं अवघडच धरा. प्रमाणपत्र असेल तर चेसिसवरचा नंबर वायर ब्रशने साफ करून पेन्सिलने छाप घ्या आणि कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा. हे जुळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका, पेंटचा डबासुद्धा आणू नका.

आता मूळचा ठेवायचा की बदलायचा, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाहीये, त्यावर गाडीची नोंदणी ठरते. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. म्हणजे ४०७ चं इंजिन टाकलं की तो दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतला. पण व्हिंटेज नोंदणी म्हणजे रोज शेतावर न्यायची गाडी नव्हे हेही लक्षात घ्या, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मिलिटरीच्या गाडीला पहिली नोंदणी कोणत्या तारखेची धरायची हे तुमच्या आरटीओला आधीच लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

साधी नोंदणी घ्यायची म्हणालात तरी मोकळं रान नाहीये. कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडी बदलता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात बेकायदा बदल केला तर मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आलंय. तुमच्या मेकॅनिकची यादी मोजा, इंजिन, टायर, लिफ्ट... बिल तो करेल, दंड तुम्ही भराल. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या सजवलेल्या जीपचे फोटो बघून सगळ्यांनाच खाज येते, मलाही येते, पण फोटोत आरसी दिसत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी या गाडीत डिझेल टाकणं हे चार बोल्टचं काम नाहीये. पुढचा एक्सल इंजिनच्या खालीच फिरतो, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचं ऑइल चेंबर एक्सलवरच्या डिफरन्शियलला (वळताना चाकांना कमी-जास्त फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाला) लागतं, मग कुणी चेंबर कापतो, कुणी इंजिन वर उचलतो, इंजिन वर गेलं की फॅन आणि रेडिएटर जुळत नाही, माउंटिंग नवीन बनवावी लागतात, डिझेलच्या हादऱ्याने केबिनचे सांधे सुटायला लागतात, आणि एवढं करून गिअरचा रेशो जमला नाही तर गाडी साठच्या वर नुसती ओरडते.

तुमचं मूळ इंजिन निसानचं पी जातीचं आहे, ३९५६ सीसी, तेच मिलिटरीच्या जोंगा जीपमध्येही आहे. जोंगा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९९९ पर्यंत बनत होती, म्हणून पार्ट अगदीच दुर्मिळ नाहीत, दिल्लीच्या मायापुरीत आणि जुन्या बाजारांत शोधाल तर मिळतात. जाम इंजिनाला सेल्फ मारू नका आणि दुसऱ्या गाडीने ओढूनही बघू नका, रिंगा तुटतील. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता, आठवडाभर मुरू द्या, अधूनमधून थोडं वाढवा, मग हँडलने हलक्या हाताने मागेपुढे हलवून बघा. सुटलं तर लगेच चालू करायची घाई नको. टॅपेट कव्हर काढून एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का बघा, जुनं ऑइल काढून नवीन भरा आणि प्लग बाहेरच ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा. नाहीच सुटलं तर हेड उतरवा. हेड उतरलंच आहे तर लेथवाल्याकडून एक्झॉस्टला हार्ड व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं आहे आणि ते पेट्रोल २००० साली देशात बंद झालं. शिशाचा थर मऊ सीटला वाचवायचा, आता तो नाही, जास्त लोडवर सीट झिजत जाते.

दुसरी गोष्ट इथेनॉलची, आणि ही बहुतेक लोक विसरतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप, मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे सगळं त्यात फुगतं नाहीतर कुजतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. तेव्हा टाकी उतरवून आतून साफ करा, पाइप इथेनॉल चालणारेच घ्या, आणि पावसाळ्यात गाडी उभीच ठेवणार असाल तर पेट्रोल काढून घ्या.

ब्रेक मात्र सगळ्यात आधी. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडर गंजलेलेच निघतील असं धरून चाला, होस पाइप बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदला. इंजिन चालू झाल्याच्या आनंदात लोक बिनब्रेकची गाडी गल्लीत काढतात.

प्रश्न: आमची जुनी जोंगा फोर बाय फोरमध्ये टाकली की वळताना उड्या मारते आणि लिव्हर परत निघत नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) गेला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बहुतेक काही गेलेलं नाही, तुम्ही डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकताय. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक पचवायला डिफरन्शियल नाही. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब मिटतो, डांबरावर घसरत नाही म्हणून शाफ्टला पीळ बसतो आणि लिव्हर अडकतो. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, सुटेल. कोरड्या रस्त्यावर सरळ जातानाही त्रास देत असेल तर चारही टायर बघा, पुढे नवीन आणि मागे गुळगुळीत अशी जोडी असली तरी हेच होतं.

प्रश्न: मला मिलिटरीचा जुना शक्तिमान ट्रक घेऊन कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी करायचीय, आणि रंग मिलिटरीचाच ठेवायचाय. चालेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, रंग नाही चालणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. मातकट, वाळूचा, राखाडी, काहीही घ्या, पण तो हिरवा नको, आणि बाणवाली नंबरप्लेट तर शोभेसाठीसुद्धा नको. कॅम्परची बॉडी म्हणजेही बदलच, त्याचं ड्रॉइंग आधी आरटीओला दाखवून लेखी मंजुरी घ्या, मगच फॅब्रिकेशनवाल्याला ॲडव्हान्स द्या. आणि कागदावरचं एकूण वजन ७,५०० किलोच्या वर असेल तर कारच्या लायसन्सवर हा ट्रक चालवता येत नाही, म्हणून सौदा करायच्या आधी तो आकडा तेवढा बघून घ्या.