वडिलांची जुनी स्प्लेंडर विकावी, कॅफे रेसर करावी की दुरुस्त करून वापरावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाव परभणी जिल्ह्यात. वडील मागच्या दिवाळीत गेले आणि त्यांची २००७ ची स्प्लेंडर प्लस तेव्हापासून ओसरीला उभी आहे. घरचे म्हणतात विकून टाक. तुम्हाला तिची कॅफे रेसर करायची आहे, म्हणजे हँडल खाली घ्यायचं आहे, सीट कापायची आहे, मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि रुंद टायर टाकायचे आहेत. हाताशी तीस हजार रुपये आहेत. रोजचं जाणं-येणं ४५ किलोमीटर, त्यातले सात-आठ किलोमीटर पांदणीचे, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेचे.

विकू नका. आणि सीटही कापू नका.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो ते आधी सांगतो. अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यात मी गेली सोळा वर्षं गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. गाडीवर गोठवलेलं वीर्य ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा आणि फोन येईल त्या वाडीवर जायचं. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, पावसाळ्यात जास्तच. त्याआधी चार वर्षं मामाच्या गॅरेजात होतो. माझीही स्प्लेंडरच आहे. तिच्यात मी बरेच बदल केलेत, त्यातले काही पुन्हा काढून टाकले.

सगळ्यात आधी कागद. वडिलांच्या नावावरची गाडी तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नियमाप्रमाणे मालक गेल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज द्यायचा असतो. ती मुदत गेली आहे, थोडा दंड लागेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि आई-भावंडांचं संमतीपत्र तयार ठेवा. दुसरं म्हणजे २००७ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२२ मध्येच संपली. मधल्या काळात वडिलांनी नूतनीकरण केलं होतं का, ते आरसी बुकावर बघा. केलं नसेल तर फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागेल, मग पुढची पाच वर्षं मिळतात. तपासणीला नेलेल्या गाडीचं सीट कापलेलं आणि हँडल बदललेलं असेल तर ती तिथेच अडकते. म्हणून गॅरेजच्या आधी आरटीओ.

कायद्याचंही एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चेसिस कापणं त्यात सरळ येतं. रंग बदलता येतो, फक्त आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. नंबर प्लेट आता एचएसआरपीच, म्हणजे हाय सिक्युरिटीवालीच लागते, त्यामुळे 'दादा', 'भाऊ' वाचता येईल अशा आकड्यांचा विषय संपला.

आता गाडीकडे येऊ. वर्षभर उभी गाडी किक मारून चालू करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आत टॉर्च मारून बघा, गंज धरला असेल तर टाकी धुऊन घ्या. कार्बोरेटर खोलून जेट साफ करा, ऑइल बदला. टायर वरून चांगले दिसले तरी कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर ते बदलायचेच. मग गाडी चालू करा, गरम होऊ द्या आणि सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर सतत येत असेल तर हाफ इंजिन करावं लागेल: बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्वचे सील. पहिल्याच बोअरला पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो, म्हणजे पुढेही एक-दोनदा काम करायला वाव राहतो. ९७.२ सीसीचं हे इंजिन इतकं साधं आहे की तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात ते खोलणारा माणूस भेटतो आणि सामान त्याच दिवशी मिळतं. ही गाडी ठेवा म्हणण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पांदणीत बंद पडलेली नवी गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागते. हिचा प्लग काढून पुसला, क्लच वायर बदलली की ती बहुतेक वेळा घरी येते.

यानंतर जे पैसे उरतील त्यात मॉडिफिकेशन करा. फक्त ते तुमच्या रस्त्यासाठी असू द्या.

तुमच्याकडची जमीन काळी आहे, माझ्याकडे काळी आणि बालाघाटाची मुरमाड अशी दोन्ही. भर पावसात काळा चिखल पातळ असतो, चाकावरून निघून जातो. खरा त्रास पाऊस थांबून दोन-तीन तासांनी, चिखल अर्धवट सुकला की. तेव्हा तो मळलेल्या कणकेसारखा टायरला धरतो आणि मडगार्डच्या आत थरावर थर बसत जातो. शेवटी चाक फिरायचं थांबतं. पुढचं चाक चालत्या गाडीत असं अडकलं तर माणूस सरळ हँडलवरून जातो. माझं तसं झालंय. २००९ च्या सुमाराला मी हँडल खाली घेतलं होतं, रुंद टायर टाकला होता आणि मडगार्ड मूळ जागीच होतं. रुंद टायरमुळे आतली फट बोटभरही राहिली नव्हती. डाव्या हाताचं मनगट मोडलं, दीड महिना काम बंद. हँडल खाली असल्यामुळे सगळं वजन आधीच मनगटावर होतं. फूटरेस्टवर उभं राहून गाडी सांभाळावी असं त्या हँडलवर जमतच नाही, आणि पांदणीत तर निम्मा वेळ तसंच चालवावं लागतं.

तेव्हापासून माझ्या गाडीचं हँडल मूळचं आहे. पुढचं मडगार्ड जाड पट्ट्या लावून दोन बोटं वर उचललंय. टायर मूळ मापाचे आहेत, पुढे मागे दोन्हीकडे २.७५-१८. मागे ३.०० चा चालतो, त्यापेक्षा रुंद घेऊ नका. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला घासतो, चालवायला जड जातो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. टायरची नक्षी मात्र खोल बघून घ्या. चेनचं पूर्ण कव्हर काढू नका. कॅफे रेसरवाले पहिल्यांदा तेच काढतात, पण आपल्या मातीत उघडी चेन दोन पावसाळेही काढत नाही. साडीगार्डही राहू द्या. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, असा नियमच आहे. तुमची आई मागे बसतच असेल. आणि डिकीत एक जुनं खुरपं ठेवा. चिखल काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

एअर फिल्टर उघडा ठेवून 'पिकअप वाढतो' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे धूळ किती असते ते तुम्ही जाणताच. ती धूळ पिस्टनपर्यंत गेली की पन्नास हजार किलोमीटर चालणारं बोअर एका उन्हाळ्यात ओरखडतं. मामाच्या गॅरेजात मी अशी इंजिनं खोललीत.

सायलेन्सरबद्दल तुमचं मन मोडतोय, पण नकोच. या इंजिनाला मोकळा सायलेन्सर लावून कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि ४२-४३ अंशांच्या उन्हात त्याला तेवढं पुरतं. ताकद वाढत नाही, फक्त आवाज वाढतो. माझ्या कामात मी त्याचा परिणाम रोज बघतो. असली एखादी गाडी वाड्यापुढून गेली की दावणीची गाय बिचकते, ताण देते, आणि शेतकऱ्याला ती पुन्हा शांत करत बसावं लागतं.

दिव्यावर मात्र हात राखू नका. या काळातल्या स्प्लेंडरचा हेडलाइट इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटोवर थेट चालतो, बॅटरीवर नाही. म्हणून रेस कमी केली की उजेडही कमी होतो. म्हणजे खड्डा बघून तुम्ही गाडी हळू करता, तेव्हाच खड्डा दिसेनासा होतो. आधी जुना पिवळा पडलेला रिफ्लेक्टर बदला, वायरिंगचे गंजलेले जोड नवे करा, ३५ वॅटचा चांगला बल्ब घाला. निम्मा फरक इथेच पडतो. एलईडी हवाच असेल तर जाणत्या वायरमनकडून बॅटरीवरून डीसी लाइन काढून घ्या. बॅटरी लहान असते, तिच्यावर रंगीत पट्ट्या, प्रेशर हॉर्न आणि मोबाइल चार्जर सगळं टाकलं की महिन्यात बसते. आणि मागे, साइड पॅनलला, अगदी साडीगार्डलाही लाल-पांढरा रिफ्लेक्टर टेप लावा.

हे मी इतकं लावून धरतो त्याला कारण आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, वाढं आणि ऊस बाजूला हात-दोन हात बाहेर आलेला असतो. धारूरच्या घाटात एकदा पंक्चर झालेली ट्रॉली वळणावरच उभी होती. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यावर आला आणि मला ती दिसली तेव्हा मी तिच्यापासून दोन गाड्यांच्या अंतरावर होतो. ब्रेकचे लायनर आदल्याच आठवड्यात बदलले होते म्हणून थांबलो. पुढे झालेल्या उसाचं टोक हेल्मेटच्या काचेला लागलं. त्या ट्रॉलीखाली एक बाई लेकराला घेऊन निजली होती. वाहनाचा मालक गाडी तशीच सोडून टायर आणायला गेला होता. मी माझा टेपचा उरलेला तुकडा ट्रॉलीच्या फळीला चिकटवला, वळणाच्या अलीकडे दगड मांडले आणि तिला उठवून कडेला बसवलं. तेव्हापासून टेपचा पूर्ण गुंडाळा माझ्या पिशवीत असतो. तुम्हीही ठेवा.

ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे आहेत आणि तेवढ्या वेगाला पुरतात, फक्त लायनर, वायर आणि ब्रेकचा कॅम नीट असू द्या. ओढ्यातून पाणी तुडवून आलात की शंभर पावलं ब्रेक हलकेच धरून चालवा, लायनर सुकतात. गाडीला डिस्क बसवून देतो म्हणणारे आहेत. मी केलं नाही, कारण त्या पैशांत मागचे दोन्ही शॉकअप आणि पुढचे ऑइल सील नवे झाले, आणि मला त्याचीच जास्त गरज होती. चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणाही काढून घ्या, वर्षभर उभ्या गाडीच्या तारा ढिल्या पडतात.

कॅरिअर करणार असाल तर जरा थांबून विचार करा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या वर्षी आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला कॅन अडकवायचे हूक लागले. वीस लिटरचे चार कॅन म्हणजे ऐंशी किलो, आणि तेही मागच्या आखाच्या पलीकडे. चढावर गाडीचं पुढचं चाक हलकं व्हायचं. पावसाळा लागेपर्यंत कितीतरी गाड्यांचे शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळचे वेल्डिंग तडकले होते. माझा कंटेनर मी म्हणूनच सीटच्या मागच्या टोकाला न ठेवता सीटला लागून, शक्य तितका खाली बसवलाय. वेल्डिंग नाही, सगळं मूळ बोल्टांवर, खाली जुन्या टायरचं रबर. उणे १९६ अंशांचा नायट्रोजन असतो आत, दणका बसून कंटेनरची मान गेली तर महिन्याचा माल जातो. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आमच्या गावची बरीच पोरं त्या पट्ट्यात कामाला आहेत. माझा चुलतभाऊ तिथे जोडणीच्या लाइनवर होता. तो सांगायचा की प्रत्येक बोल्ट किती आवळायचा याचं माप ठरलेलं असतं, जास्त आवळला तरी वाईटच. कॅरिअर बसवताना त्याचं ते बोलणं आठवतं.

खर्चाचं म्हणाल तर कागद, हाफ इंजिन, टायर-ट्यूब, चेन स्पॉकेट, शॉकअप, लायनर, वायरिंग आणि हेल्मेट एवढं तुमच्या तीस हजारांत माझ्या अंदाजाने बसेल, थोडे उरतीलही. उरलेल्यात सीटचा नवा फोम आणि साधं सुती कव्हर करा. काळं रेक्झिन मे महिन्यात चटका देतं.

राहिला रंग. तो तुम्ही मनासारखा करा, वडिलांच्या गाडीवर आपलंही काही असावं असं वाटणं मला समजतं. पण तुम्ही लिहिलंय की टाकीवर वडिलांनी पेंटरकडून हाताने 'आई-वडिलांची कृपा' लिहून घेतलं होतं. मामा गेल्यावर त्यांची गाडी मी हौसेने रंगवली, तेव्हा टाकीवरची तशीच अक्षरं घासून काढली. आज घरात त्या अक्षरांचा एकही फोटो नाही. तुम्ही टाकी रंगाला देण्याआधी तिच्यावर बटर पेपर धरा, पेन्सिलने अक्षरं उतरवून घ्या, कुठल्या कडेपासून किती बोटं अंतर आहे तेही त्याच कागदावर लिहा. नव्या रंगावर तीच अक्षरं त्याच जागी काढून देणारा पेंटर परभणीत अजून भेटेल, रेडियमच्या दुकानात नाही, जुन्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांकडे विचारा.