एमएसडब्ल्यू करून ऑस्ट्रेलियाला निघताय? आधी फील्डवर्कचे तास मोजा

भारतातली एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, इथे ऑस्ट्रेलियात चालते, की इंटर्नशिप पुन्हा करावी लागते, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहेच. घोडं अडतं ते फील्डवर्कपाशी.

एएएसडब्ल्यू ही इथली सोशल वर्कर्सची संघटना पदवी तपासते. तिचं माप १००० तासांचं, किमान दोन प्लेसमेंटमध्ये (म्हणजे संस्थेत राबून केलेल्या फील्डवर्कमध्ये) आणि पात्र सोशल वर्करच्या देखरेखीखाली. आपल्याकडे सहसा आठवड्याला दोन दिवस फील्डवर्क. दिवसाचे सात तास धरले तर १५ आठवड्यांच्या सत्रात २१०, चार सत्रांत ८४०. ब्लॉक प्लेसमेंटच्या, म्हणजे सलग पूर्णवेळ कामाच्या, २५ दिवसांचे १७५ मिळवले की १०१५. म्हणजे तीन दिवस बुडाले तरी गणित फसतं. शिवाय ब्लॉकच्या काळात आयसी, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक बैठका, झाल्याच नसतील, तर ते तास देखरेखीखालचे होते हे दाखवणार कशावरून?

गुणपत्रिकेवर फील्डवर्कपुढे नुसती श्रेणी असते. भर उन्हात वस्तीत घरोघर फिरून केलेलं काम एका अक्षरात गुंडाळलं जातं, हे मला अजूनही सलतं. म्हणून कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात प्रत्येक प्लेसमेंट वेगळी हवी: संस्था, कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, केसवर्क (एकेका व्यक्तीसोबत) केलं की ग्रुपवर्क (गटासोबत), सुपरवायझरचं नाव आणि शिक्षण, आयसी किती दिवसांनी होत असे. संस्थेतला माणूस सोशल वर्क शिकलेला नसेल, तर कॉलेजच्या फॅकल्टी सुपरवायझरचं नाव यायलाच हवं. ‘नियमित फील्डवर्क केले’ असलं मोघम पत्र परत करा, संकोच करू नका. सर निवृत्त होण्याआधी आणि फील्डवर्कच्या फाइली रद्दीत जाण्याआधी हे उरका.

इथे येऊन नव्याने एमएसडब्ल्यू केलीत, तर बहुधा ५००-५०० तासांच्या दोन प्लेसमेंट कराव्या लागतील. दर ३५ तासांमागे दीड तास सुपरव्हिजन मिळतं, आणि ते खरोखर चांगलं असतं. पैसे मात्र सहसा मिळत नाहीत. जुलै २०२५ पासून सुरू झालेला प्लेसमेंटसाठीचा सरकारी भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना नाही. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच नोकरी करता येते. सक्तीची प्लेसमेंट त्यात मोजत नाहीत, पण दिवस तर तिच्यातच जातो. तेव्हा त्या साताठ महिन्यांचा खर्च निघण्याआधीच बाजूला काढा.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो, आणि कामाला लागलं की बराचसा जातो. लहान मुलांसोबत काम करण्याची परवानगी आणि पोलिस तपासणी यांचे अर्ज मात्र पत्ता मिळताच भरा. ते कागद हातात नसतील तर प्लेसमेंटची तारीख पुढे जाते, आणि तिच्यामागे पदवीचीही.