इंग्लंडमध्ये बसच्या लेनमधून सायकल चालवता येते का? पाटीवरून ते कसं ओळखायचं?

येते. पाटीवर बसच्या जोडीला सायकलचं चित्र असेल तर येते, नसेल तर नाही.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात लीड्सला शिकायला चाललोय, घर नागपूरला त्रिमूर्तीनगरात, लीड्सला गेल्यावर जुनी सायकल घेणार आहे, आणि काका म्हणतात की बसच्या लेनमध्ये शिरू नको, सरळ फूटपाथवरून चालव. काकांचं ऐकू नका. इंग्लंडात फूटपाथवर सायकल चालवणं हाच गुन्हा आहे, तोही १८३५ च्या हायवे कायद्यापासून. काकांवर माझा राग नाही. पण हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

मी नागपुरात ३१ वर्षं रस्त्यावरच्या पाट्या बनवल्या. गणेशपेठेत आमचं छोटं वर्कशॉप होतं, आता पुतण्या बघतो. सुरुवातीला लोखंडी पत्रा, त्यावर रेड ऑक्साइडचा हात, वर इनॅमल आणि चित्राला स्टेन्सिल. नंतर ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि गाडीच्या दिव्यात चमकणारी रिफ्लेक्टिव्ह शीट आली. यात सगळ्यात कटकटीचं चित्र सायकलचं. ट्रक म्हणजे दोन डबे नि चाकं, माणूस म्हणजे एक गोळा नि चार पट्ट्या. सायकलीची फ्रेम, हँडल, सीटची दांडी सगळं बारीक. शीट कापताना फाटतं तेच, आणि नीट दाबलं नसेल तर मे महिन्यात पत्रा तापला की आधी सुटतं तेच. नागपूरचं ऊन ४५ च्या वर जातं, तिथे हलक्या हाताचं काम टिकत नाही. म्हणून सायकलच्या पाट्या मी कारागिराकडे देत नसे. रबरी पट्टी घेऊन स्वतः दाबायचो, मधून कडेकडे, हवेचा एक फुगा राहू न देता.

साडू माझ्याहून मोठे. २६ वर्षं बस चालवली त्यांनी, एकही मोठा अपघात नाही. माणूस सोन्यासारखा, पण पोळ्याच्या जेवणाला एकत्र बसलो की दरवर्षी तोच विषय. "पाटी वाचून कोण गाडी चालवून राहिलं बाप्पा? रस्त्यावर मोठी गाडी चालते, लहान गाडी सरकते. सायकलवाल्यानं फूटपाथ धरावा अन् जीव वाचवावा." मी म्हणायचो, पाटी हा कायद्याचा शब्द आहे. एकदा आम्ही एका रस्त्यासाठी सायकल ट्रॅकच्या पाट्या करून दिल्या होत्या, २ फुटी निळ्या गोल, वर पांढरी सायकल. वर्षभरानं साडूंनी मला स्कूटरवर मागे बसवून तो रस्ता दाखवला. जवळजवळ प्रत्येक पाटीखाली कार उभी. एका खांबाला ठेल्याच्या ताडपत्रीची दोरी बांधलेली, आणि गाठ नेमकी सायकलच्या पुढच्या चाकावर आलेली. साडू एक शब्द बोलले नाहीत, फक्त गाडी हळू केली. ते मला फार लागलं.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलीकडे तीन महिने लीड्सला होतो. जावयाची सायकल गॅरेजमध्ये पडून होती, ती मी काढली. घराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला डावीकडे बसची लेन होती. मधे जाड सलग पांढरी रेघ, डांबरावर मोठ्या अक्षरांत ‘बस लेन’, आणि खांबावर निळी चौकोनी पाटी. पाटीत वर बस, तिच्याखाली सायकल, शेजारी ‘टॅक्सी’ हा शब्द, आणि त्याखाली सकाळ-संध्याकाळच्या वेळा. मी त्या पाटीखाली दहा मिनिटं उभा होतो. सायकलचं चित्र इतकं स्वच्छ होतं की कोपरे कसे घेतलेत ते बघत राहिलो. मग रेघेच्या आत शिरलो.

शंभर पावलं गेलो असेन, मागे डबलडेकर. मला आवाजावरून कळलं. अंगात नागपूर मुरलेलं, त्यामुळे आता हॉर्न वाजणार म्हणून खांदे आवळले आणि कडेला सरकलो. हॉर्न वाजला नाही. बस माझ्या मागे, माझ्या वेगानं, येत राहिली. उजवीकडच्या लेनमध्ये गाड्या खच्चून होत्या, ड्रायव्हरला मला ओलांडायला जागा नव्हती, आणि त्यानं ती करायचा प्रयत्नही केला नाही. पुढच्या चौकात लेन रुंद झाली तेव्हा तो चांगलं अंतर ठेवून पुढे गेला आणि जाताना हात वर केला. त्या माणसानं पाटी वाचली होती. पाटीतल्या त्या वीतभर सायकलीसाठी एवढं धूड माझ्या मागे पायी आल्यासारखं आलं. मी कडेला थांबलो आणि डोळे पुसले, ते वाऱ्यानं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना जावई म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला बसच्या लेनमध्ये पाहिलं मी गाडीतून. तसं नका करू, दंड होतो." पाच वर्षं तिथे राहणारा, रोज गाडी चालवणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून पाटीखाली नेलं. "ही काय आहे?" "सायकल." "मग?" ते म्हणाले, "माझं लक्षच नव्हतं, मी फक्त बस आणि वेळ बघायचो." गाडीवाल्याला स्वतःपुरतं तेवढंच लागतं, म्हणून काकांसारखी माणसं ठामपणे चुकीचं सांगतात. ब्रिटिश हायवे कोड म्हणजे तिथलं रस्त्याच्या नियमांचं पुस्तक, त्याचा ६५ वा नियम स्वच्छ सांगतो की बहुतेक बस लेन सायकलस्वारांना वापरता येतात, पाटीवर दाखवलं असेल त्याप्रमाणे.

वेळांचं थोडक्यात. पाटीवर वेळ असेल तर तेवढ्या वेळापुरती ती लेन राखीव, बाकी वेळी कुणीही जाऊ शकतं. म्हणजे तुम्हाला सायकल म्हणून अडचण नाही, पण वेळ संपली की तुमच्या मागे कारही येईल हे ध्यानात ठेवा. वेळ लिहिलेलीच नसेल तर लेन २४ तास राखीव. बसच्या चित्रावर ‘लोकल’ लिहिलेलं असेल तर गावातल्या नेहमीच्या मार्गाच्या बसगाड्या, सहलीच्या नाहीत.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या दिवसाच्या आनंदात मी धरून चाललो की बसची जागा म्हणजे सायकलची जागा. पुढच्या आठवड्यात शहराच्या मध्यभागी एका गल्लीच्या तोंडाशी निळी गोल पाटी होती, त्यात फक्त बस. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि घुसलो. समोरून बस आली, थांबली. ड्रायव्हरनं खिडकी उघडून बोटानं माझ्या मागची पाटी दाखवली, एवढंच. ३१ वर्षं पाट्या करणाऱ्या माणसाला पाटी दाखवावी लागली. मी उतरलो आणि सायकल हातात धरून फूटपाथवरून परत आलो. हातात धरून चालायला तिथे मनाई नाही. गोल पाटीत बस आणि सायकल दोन्ही असतील तर तो रस्ता दोघांचा. एकटी बस असेल तर तुमचा नाही. एकेरी रस्त्यावर उलट दिशेनं जाणाऱ्या बस लेन असतात, तिथे तर विशेष बघा, कारण तिथे बस तोंडासमोर येते. आणि ‘प्रवेश बंद’ची लाल तबकडी असेल तर खालची छोटी पट्टी वाचा. ‘बस सोडून’ असं असेल तर थांबा, ‘बस आणि सायकल सोडून’ असं असेल तर जा.

एक गोष्ट आपल्या माणसाला हमखास फसवते. आपल्याकडे मनाईच्या पाटीत लाल गोल आणि चित्रावर तिरपी लाल रेघ असते. तिथे सायकलीच्या मनाईच्या पाटीत रेघ नसते. पांढऱ्यावर काळी सायकल आणि भोवती लाल कडं, एवढंच. बघणाऱ्याला वाटतं सायकलचा रस्ता आहे. ती पक्की मनाई आहे. माझ्या मते आपली रेघेची पद्धत चांगली, कारण रेघ लांबून दिसते, आणि हे मी तिथल्याही लोकांना सांगितलं.

साडूंना मी परत आल्यावर हे सगळं सांगितलं, त्या पाटीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "बसला उशीर झाला त्याचं काय?" मी म्हटलं, भाऊ, बस दर थांब्याला उभी राहते, सायकल राहत नाही. शहरात दोघांचा एकूण वेग सारखाच पडतो. त्या दिवशी मला ओलांडून गेलेली बस मला पुढच्या दोन थांब्यांवर पुन्हा भेटली. कारच्या शेजारी सायकल चालवण्यापेक्षा बसच्या शेजारी बरी, कारण बस चालवणारा शिकलेला, रोज त्याच रस्त्यानं जाणारा, उंचावर बसलेला माणूस असतो. तुमच्यासारखा. यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्यासारखा असेल तर ठीक आहे. पण त्याला डावीकडचं दिसत नाही, ते पोराला सांगितलं का?"

हे त्यांचं बरोबर आहे, आणि मी आधीच लिहायला हवं होतं. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीतून कधी घुसू नका. नागपुरात बर्डीला, मोरभवनच्या बसस्टँडबाहेर आपण सगळे तेच करतो. लीड्समध्ये मीही सवयीनं चाक वळवलं होतं, आणि दारातून एक म्हातारी बाई चाकांची पिशवी घेऊन खाली उतरली. वीतभरावर ब्रेक लागला. बस थांबली की मागे थांबा, किंवा उजवीकडे नीट वळून बघून, हात दाखवून ओलांडा. उजवीकडे गेलात की तुम्ही गाड्यांच्या लेनमध्ये असता, तिथे वेग जास्त असतो. एरवी कडेच्या दगडाला चिकटून चालवू नका, किमान अर्धा मीटर सोडा. जानेवारी २०२२ पासून त्यांच्या नियमात लिहिलंय की ताशी ३० मैलांपर्यंत सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं, पण ते तुम्ही कडेला अंग चोरून चालत असाल तर ड्रायव्हरला आठवत नाही.

दंडाची भीती काकांना आपल्याकडच्या बीआरटीवरून, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या मार्गांवरून, वाटत असेल तर तेही समजून घ्या. अहमदाबादची जनमार्ग, २००९ ची, रस्त्याच्या मधोमध आणि दोन्ही बाजूंनी रेलिंग घातलेली आहे. एकदा आत शिरलं की बाहेर पडायला जागा नाही, थांबेही मधेच. तिथे सायकलीला मज्जाव आहे आणि तो योग्य आहे. दिल्लीला २००८ मध्ये अंबेडकरनगर ते मूलचंद जी केली होती, तिच्यात सायकलला कडेनं वेगळा ट्रॅक दिला होता. पुढे ती मोडूनच टाकली. नागपुरात बीआरटी झालीच नाही, त्यामुळे इथल्या अनुभवावरून बस लेनबद्दल सांगणारा माणूस ऐकीव सांगतोय असं समजा. शिवाय देशोदेशी वेगळं आहे. जर्मनीत निळ्या गोल पाटीतल्या बसखाली सायकलींना मोकळीक असल्याची वेगळी छोटी पांढरी पाटी लागते, ती नसेल तर जाता येत नाही. पुढेमागे तिकडे फिरायला गेलात तर लीड्सची सवय घेऊन जाऊ नका.

हेल्मेट तिथे सक्तीचं नाही, तरी घाला. मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा अंधारात सक्तीचा आहे, आणि हिवाळ्यात तिथे चार वाजता अंधारून येतं.

लीड्सचा तो फोटो मी वर्कशॉपमध्ये लावलाय, साडूही आले की बघतात. माप मात्र घ्यायचं राहून गेलं, पाटी उंचावर होती. तुम्ही गेलात की एखाद्या खाली लावलेल्या पाटीवर सायकलच्या चाकाचा व्यास किती भरतो ते टेपनं मोजून इथे कळवा, आणि कडा उचलल्यात का तेही बघा.